रोवणीचे एक मिनिट

कॅमेरा धरणे, आवाज टिपणे, संकलन करणे यांना माध्यमांच्या अभ्यासात प्राथमिक कौशल्ये म्हणतात, आणि प्राथमिक म्हणजे लवकर उरकायची, असा समज रुजला आहे. मला तो घातक वाटतो. कुठे कॅमेरा ठेवायचा आणि कुठे कापायचे, हा निर्णय समोरच्या माणसाबद्दलचा असतो. तो घ्यायला शिकायचे तर जिथे चित्रित झालेली माणसे तेच चित्रण पाहून हरकत घेऊ शकतात, तिथे शिकावे. गोंदियाच्या मुलांना ही सोय घराशेजारी आहे.

धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, घ्या. रस्त्यावरून टिपलेल्या दूरच्या शॉटमध्ये बांधीतले, म्हणजे भातखाचरातले, पाणी आणि रंगीत लुगड्यांची रांग दिसते. पाहणारा म्हणतो, किती सुंदर! कॅमेरा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गुडघ्याइतक्या उंचीवर ठेवून अर्धे मिनिट हलवला नाही, की डाव्या हातातली जुडी दिसते, उजव्या हाताने त्यातली दोन-तीन रोपे सोडवून चिखलात दाबणे दिसते, मग एक पाऊल मागे. कंबर मात्र सरळ होत नाही. याच चित्रावर बासरी चढवली की श्रम देखावा होऊन जातात. चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हने शंभर वर्षांपूर्वी रशियात दाखवले, की एकाच निर्विकार चेहऱ्याशेजारी वेगळे चित्र जोडले, की प्रेक्षकाला त्यात वेगळी भावना दिसते. इथल्या झाडीबोलीत मजुरीबद्दल बोलणाऱ्या बाईचे वाक्य मधेच तोडून पुढे हसरा चेहरा जोडला, तर तिची तक्रार थट्टा होते. खोटे एकही चित्र नसते, तरी ते खोटेच. माणसांपुरते हे नाही: महाराष्ट्रात उरलेले सारस पक्षी मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच आहेत, धानातही घरटी करतात, आणि जवळच्या शॉटसाठी बांधीत शिरणारा त्यांना अंड्यांवरून उठवतो.

यावर कोणी म्हणेल, फोनमधली अ‍ॅप्स आता आपणहून शॉट निवडतात, ठेक्यावर कापतात. निवडतात खरी, पण मजुरीचा आकडा सांगण्याआधी ती बाई चार सेकंद गप्प का राहिली, हे त्यांना उमगत नाही आणि तेवढाच भाग ती आधी उडवतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बातमीच्या धंद्यात वेळ नसतो, आणि धान विकून फी भरणाऱ्या घरातल्या मुलाला नोकरी हवीच असते. पण शॉट घेतानाच कापण्याची जागा ज्याला दिसते, त्याचेच संकलन लवकर होते. ती नजर सावकाश सरावाने येते. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपत चित्रित केली आणि ती दाखवून भांडवल मिळवले. तो धीर त्यांच्या धंद्याच्याच कामी आला.

म्हणून पहिला अभ्यास एवढाच द्यावा: रोवणीचे एक मिनिट, मूळ आवाजासह, संगीताशिवाय. शिक्षकांच्या आधी ते त्या बायकांना दाखवायचे, आणि ‘आम्ही असं नाही म्हटलं’ असे त्या म्हणाल्या तर पुन्हा संकलनाला बसायचे.