गाड्यांचे नंबर आणि ६१७४

चौथीला हातच्याची वजाबाकी घ्यायची असली की मी फळ्यावर उदाहरणं लिहीत नाही. मुलांना सांगतो, उद्या येताना एका गाडीचा नंबर आणा, शेवटचे चार अंक. चाळीपुढे उभ्या असलेल्या गाडीचाच. नगर रोडच्या कडेला थांबून टिपायचा नाही, ही ताकीद आधी. रांजणगाव एमआयडीसीला लागून असलेल्या कारेगावात गाड्यांना तोटा नाही. वर्गात मराठवाड्यातली मुलं आहेत, बिहारची आहेत. मराठीत अजून अडखळणारं पोरही नंबर मात्र ऐटीत सांगतं.

मग खेळ सुरू. समजा नंबर ४५२७. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ७५४२. चढत्या क्रमाने, २४५७. वजा करा. आलेल्या ५०८५ला पुन्हा तसंच. पुढे ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४. तिथून हलायचं नाव नाही, कारण ७६४१मधून १४६७ गेले की ६१७४च उरतात. नंबर कुठलाही असो, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत गाडी इथेच येते. फक्त चारही अंक सारखे नकोत. व्हीआयपी नंबरसाठी मालकाने मोजलेले पैसे इथे पहिल्याच फेरीत शून्य होतात.

हे १९४९ साली शोधलं द. रा. कापरेकरांनी. डहाणूला जन्मलेले, देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तर. पुढे १९७५मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगभर नाव झालं. मला त्यांचं मास्तर असणं जास्त मोलाचं वाटतं. एरवी एका बैठकीत सात वजाबाक्या सोडवा म्हटलं तर वर्ग मान टाकतो. इथे आठवी मागतो.

पण मी हा पाठ धरून बसलोय तो चुकांसाठी. बरोबर वजाबाकीत दर फेरीला अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यातच येते, कारण वरचे-खालचे अंक तेच असतात. एवढं मुलांना दाखवून दिलं की ती माझ्याकडे वही घेऊन धावत नाहीत. ५०८५ऐवजी ५१९५ आलं? बेरीज वीस. हातचा घेतला, पण शेजारच्या घरातून कमी केला नाही. ती स्वतःच खोडरबर शोधतात. ५०८५चं ५८०५ लिहिलं तर मात्र ही कसोटी फसते, तिथे शेजारी बसणाऱ्याचा डोळा लागतो.

कुणाच्या वहीत ५११५ दिसलं की मला उदाहरण तपासावंच लागत नाही. दोन्हीकडून सारखं वाचता येणारं उत्तर म्हणजे पोराने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलाय, वर-खाली न बघता. (खऱ्या चार अंकी उत्तरांत असं एकच येतं, ५४४५.) त्या पोराचा पुढचा प्रवास ४४४४ आणि शून्य. सगळे ६१७४ला पोचले आणि आपण शून्यावर, हे त्यालाच खटकतं.

सगळ्यात आवडतं शून्य वेगळंच. एका मुलीने १११२ आणला होता. २१११ वजा १११२, ९९९. वजाबाकी अचूक. पुढे ९९९ वजा ९९९.

“सर, माझी गाडी बंद पडली.”

“अंक किती घेऊन निघाली होतीस?”

“चार.”

तिने वहीकडे पाहिलं आणि पुढे शून्य लिहिलं, ०९९९. मग ९९९०मधून ते वजा केलं आणि गाडी निघाली. स्थानिक किंमतीवर मी त्या दिवशी एक शब्द बोललो नाही.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत ‘वजाबाकी करतो’ असं लिहायची रीत आहे. माझ्या टाचणवहीत नावांपुढे ५१९५, ५११५, ९९९ असे आकडे असतात; दुसऱ्या दिवशीचे गट त्यावरूनच पाडतो. ५११५वाल्यांना काड्यांचे गठ्ठे देऊन दशक सोडायला बसवतो. ६१७४ला पोचलेल्यांना दोन अंकी नंबर देतो. तिथे गाडी थांबतच नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. ती शेवटची जागा शोधत बसतात आणि मला काड्यांच्या गटाकडे बसायला वेळ मिळतो.