पिशवी काढण्याआधी



वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपले की आम्ही बायका सतरंज्या गुंडाळता गुंडाळता सुखदुःखाचे बोलतो. अशाच एका संध्याकाळी आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या, "मी पिशवी काढून टाकते आहे." वय त्रेचाळीस. पाळी महिन्यातून दोनदा येई, अंगावरून फार जाई, पायऱ्या चढताना धाप लागे. एका खासगी डॉक्टरांनी रक्तही न तपासता ऑपरेशन सांगितले होते. खर्चासाठी ताई कानातले मोडायला निघाल्या होत्या.

आम्हाला बीडच्या बायका आठवल्या. २०१९ साली तिथल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत खाडा झाला की मजुरी बुडते, मग पिशवीच नको, असा हिशेब. गरीब बाईचे शरीर असे स्वस्त का व्हावे?

आम्ही दोघी-तिघी ताईंना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली, रक्त तपासले. पिशवीत दोष नव्हता. हिमोग्लोबिन आठच्या आत होते आणि गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंद झाली होती. त्यानेही पाळी जास्त जाते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी, असे ठरले. काही महिन्यांत ताई सावरल्या. कानातले कानातच राहिले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांनाच समजावले. आपल्याकडे साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास पाळी जाते. बीजकोशातून येणारे इस्ट्रोजेन कमी होते. म्हणून अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, चिडचिड होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हे सारे तरुणपणीच एकदम अंगावर येते. कोणत्याही खाण्याने गेलेले इस्ट्रोजेन परत येत नाही, पण हाडे आणि रक्त राखता येते.

तेव्हापासून आमच्या घरी आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणीची भाकरी असते. तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, लाल माठ, हरभरे, जमेल तेव्हा सुकट आणि कलेजी. पालेभाजीवर लिंबू पिळतो, म्हणजे लोह अंगी लागते. चहा जेवणाबरोबर न घेता तासाभराने घेतो. दिवसभर धुणीभांडी केली तरी सकाळच्या उन्हात अर्धा तास भरभर चालतो.

सर्वांत अवघड गेली ती मिश्री. पंचशील म्हणताना मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे वचन द्यायचे आणि घरी येऊन तळहातावर मिश्री घ्यायची, याची आम्हालाच लाज वाटली. तंबाखू हाडांनाही मारक आहे. आमच्यातल्या चौघींची सुटली, दोघींची अजून सुटायची आहे.

आणखी एक गोष्ट. सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खाणे आम्ही बंद केले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले होते की, बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम होऊ नये. ही बरोबरी ताटापासूनच सुरू होते. आता आम्ही घरातल्या सगळ्यांबरोबर जेवायला बसतो. पहिले काही दिवस घरात कुरबूर झाली, मग सवय झाली.

भगिनींनो, काही वेळा ऑपरेशन खरोखरच लागते, तेव्हा घाबरू नका. पण तपासणीशिवाय होकार देऊ नका, दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून गेले, तर एक दिवसही लाजेने दडवू नका. आपले शरीर आपले आहे. त्याच्याबद्दल प्रश्न विचारणे हाही आपला हक्क आहे.