भाष्याचे चार गुण

अमेरिकेतील हायस्कुलांत बहुधा अखेरच्या दोन वर्षांत घेतले जाणारे ‘एपी’ इंग्रजीचे अभ्यासक्रम ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या योजनेचा, म्हणजे शाळेत राहूनच महाविद्यालयीन तोडीचा अभ्यास करण्याच्या सोयीचा, भाग असून ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था ती योजना १९५५ पासून चालवत आली आहे. मे महिन्यातील परीक्षेत १ ते ५ अशी श्रेणी मिळते आणि किमान तीन विषयांत ३ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळवणारा ‘एपी स्कॉलर’ ठरतो. तिथल्या मराठी घरांतही या सन्मानाचे अप्रूप असते, आणि ते रास्तच आहे.

इंग्रजी शिकवणाऱ्याचे कसब मात्र पणाला लागते ते साहित्याच्या प्रश्नपत्रिकेतील तीन निबंधांपाशी. प्रत्येक निबंधाच्या ६ गुणांपैकी प्रतिपाद्य विधानाला, म्हणजे ज्यावर वाद घालता येईल अशा ठाम मताला, १ गुण, पुरावा व भाष्य यांना मिळून ४, आणि विचाराच्या प्रगल्भतेला १ गुण असतो. या शेवटच्या गुणाच्या मागे लागून पल्लेदार शब्दांची आरास मांडणारे विद्यार्थी पुष्कळ. त्यांना वेळीच आवरावे लागते, कारण खरी कमाई मधल्या चार गुणांत असते.

फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) या कादंबरीत खाडीपलीकडे, नायक गॅट्सबी जिच्यासाठी झुरतो त्या डेझीच्या घराच्या धक्क्यावर, एक हिरवा दिवा लागलेला असतो. सरावाच्या निबंधात तो आशेचे प्रतीक आहे एवढे लिहून विद्यार्थी थांबतो, तेव्हा पुरावा असतो पण भाष्य, म्हणजे पुराव्यातून मतापर्यंत नेणारा विचार, नसतो. डेझी गॅट्सबीच्या शेजारी येऊन उभी राहते तेव्हा त्या दिव्याचे काय होते, एवढाच प्रश्न शिक्षकाने समासात लिहावा. विद्यार्थी पाचवे प्रकरण पुन्हा उघडतो, दिव्याचे महत्त्व त्या क्षणी ओसरल्याचे त्याला दिसते, आणि गॅट्सबीची ओढ अंतरावरच पोसली गेली होती हे वाक्य तो स्वतःच्या बळावर लिहितो.

जूनमध्ये परीक्षेतले निबंध तपासणाऱ्या शाळा-महाविद्यालयांतील अध्यापकांसमोर हा प्रवास येत नाही, आणि येण्याची सोयही नाही. शाळेला मात्र तो दाखवता येईल: गुणगौरवाच्या दिवशी श्रेण्यांच्या यादीशेजारी निबंधाचा पहिला खर्डा, समासातल्या प्रश्नासकट, आणि त्याच्याखाली शेवटचा खर्डा लावावा.