तिचं म्हणणं कुठंय?

सदाशिव पेठेत राहिलं की इतिहास फुकटात मिळतो. १९१० सालचं भारत इतिहास संशोधक मंडळ आमच्या रोजच्या वाटेवर. त्यामुळे रविवारच्या कट्ट्यावर क्रिकेट संपलं की शिवाजीमहाराज येतातच आणि महाराज आले की रांझ्याचा पाटीलही!

साल १६४६. महाराज जेमतेम पंधरा वर्षांचे. बाईवर अत्याचार केला म्हणून पाटलाचे हातपाय तोडले. ‘न्याय असा हवा,’ अख्खा ग्रुप एकदम बोलतो. मला मात्र त्या निकालाचं पत्र अस्वस्थ करतं. त्यात पाटलाचं नाव आहे, गुन्ह्याला ‘बदअमल’ असा मोघम शब्द आहे. आणि ती? ती कुठेच नाही.

साडेतीनशे वर्षांनी रवांडाच्या नरसंहाराच्या खटल्यातही हेच होणार होतं. अकायेसू या मेयरवरच्या मूळ आरोपपत्रात बलात्कार हा शब्दच नव्हता. साक्ष देताना एका आईनं मुलीवरचा अत्याचार सांगितला. खंडपीठातल्या एकमेव महिला न्यायाधीश नवी पिल्ले. प्रश्न विचारले गेले आणि १९९७ मध्ये आरोप वाढले. २ सप्टेंबर १९९८ ला निकाल आला, बलात्कार हेही वंशसंहाराचं हत्यार! त्या बायकांची नावं गुप्त राहिली, शब्द मात्र नोंदले गेले. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव क्र. १८२० केला. युद्धातला बलात्कार हा युद्धगुन्हा ठरू शकतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं.

ठरावांनी युद्धं थांबत नाहीत, मान्य. पण शिक्षा किती कडक हवी यावर आपण तासभर भांडतो ना? तिला कुणी विचारलं का, हे आधी विचारू या.