भातोडीच्या बांधावर

नगरहून भातोडी पारगावला जाताना डोंगरावरची सलाबतखानाची कबर, म्हणजे लोकांच्या तोंडचा चांदबिबी महाल, नजरेआड होता होत नाही. मला ओढ होती ती भातोडीच्या तलावाची. बांधावर पोचल्यावर मोबाइलमध्ये एक चित्र उघडलं. जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसनने १६१६ च्या सुमारास काढलेलं हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशावर. हातात ताणलेलं धनुष्य आणि समोर भाल्याच्या टोकाला मलिक अंबरचं मुंडकं. त्या मुंडक्यावर चित्रकाराने घुबड बसवलंय. शत्रूची इतकी जहरी टवाळी मी दुसऱ्या कुठल्या मोगल चित्रात पाहिलेली नाही. आणि हे मुंडकं मोगलांच्या हाती कधी लागलंच नाही! १६०० साली नगरचा किल्ला पडला, तरी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या या हबशाने निजामशाही पुन्हा उभी केली. रणात जमलं नाही ते दरबाराने कुंचल्याकडून करून घेतलं.

पुढे मोगलांची मुत्सद्देगिरीही भातोडीच्या याच पाण्यात बुडाली. अंबर आणि विजापूरचा इब्राहिम आदिलशहा, दोघांनाही मोगलांची दोस्ती हवी होती. मोगल सेनापती महाबतखानाने आदिलशहाला जवळ केलं, अंबरला झिडकारलं. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा अंबरने भातोडीचा तलाव फोडला. चिखलात तोफा, घोडे, सामान सगळंच अडकलं आणि त्या जंगी फौजेची दाणादाण उडाली. अंबरकडून शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी लढत होते. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मात्र मोगलांच्या बाजूला. शरीफजी या लढाईत पडले. त्यांची समाधी गावातच आहे, तिथे मी बराच वेळ थांबलो.

अंबर १६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमदखानाने युद्धकलेत त्याला तोड नव्हती असं लिहून ठेवलं. माझ्या लेखी तो इतिहासकार चित्रकारापेक्षा खरा.

नगरच्या शाळांच्या सहली किल्ल्यावर जातात. त्या भातोडीलाही याव्यात, आणि इथे बांधावर उभं करून मुलांना ते चित्र दाखवावं.