आधी कोण?

पायथनच्या फाइलमधल्या पहिल्या दहा-बारा ओळी सहसा कुणी वाचत नाही. तिथे इम्पोर्ट असतात. नव्या प्रोजेक्टवर गेले की मी मात्र आधी त्याच वाचते. कोणाचं कोणावाचून अडतं, हे तिथे कळतं. डॉक्युमेंटेशन दोन वर्षं जुनं असलं तरी चालतं, इम्पोर्टला रोज चालावं लागतं.

कॉलेजात वाटायचं, इम्पोर्ट म्हणजे वाणसामानाची यादी. वर लिहायचं, खाली वापरायचं. पण पायथनमध्ये इम्पोर्ट म्हटलं की ती फाइल खरोखर वरपासून खालपर्यंत चालते. त्याआधीच तिच्या नावाची नोंद 'सिस डॉट मॉड्यूल्स' या डिक्शनरीत होते. पुढच्या वेळी कुणी मागितली, तर फाइल पुन्हा चालत नाही, त्या नोंदीतलं मॉड्यूल हातात मिळतं. मग ते अर्धवट का असेना.

आमच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये ऑर्डर आणि बिलिंग अशी दोन मॉड्यूल्स होती. ऑर्डरला बिल बनवायला बिलिंग हवं, बिलिंगला रिफंडसाठी ऑर्डर हवी. ऑर्डरची फाइल पहिल्याच ओळीत थांबून बिलिंगला बोलावणार, बिलिंग उलट ऑर्डरमधला क्लास मागणार, आणि तो तर अजून जन्मालाच आलेला नाही. सर्व्हर सुरूच होत नाही. पायथन 3.8 पासून एरर निदान स्पष्ट सांगते: मॉड्यूल अर्धवट तयार आहे, बहुधा इम्पोर्ट गोल फिरतायत.

यावर सगळ्यांना माहीत असलेला उपाय म्हणजे इम्पोर्ट उचलायचा आणि फंक्शनच्या आत टाकायचा. एरर जाते. आमच्याकडे असे इम्पोर्ट साठत गेले. "चालतंय ना? मग हात लावू नकोस," हा टीमचा सल्ला.

पण वरचा इम्पोर्ट मोडला, तर सर्व्हर सुरू होतानाच आपल्यासमोर मोडतो. आतला मोडतो ते फंक्शन चालेल तेव्हा. एका मॉड्यूलचं नाव बदललं, सर्व्हर निमूट सुरू झाला, आणि एरर आली ती एका ग्राहकाने रिफंडचं बटण दाबल्यावर. पैसे त्याचे अडकले होते.

त्यानंतर मी दोन दिवस मागून घेतले. "यातून नवीन काय दिसणार?" असं विचारलं गेलं. दिसणार काहीच नव्हतं. दोघांनाही लागणारं सामान, म्हणजे रक्कम, कर, स्टेटस, मी तिसऱ्या फाइलमध्ये नेलं. ती फाइल या दोघांपैकी कुणालाच इम्पोर्ट करत नाही. जँगोच्या मॉडेल्समध्ये फॉरेन की देताना क्लासऐवजी त्याचं नाव स्ट्रिंग म्हणून लिहिलं. सगळी मॉडेल्स लोड होताना जँगो ते जुळवून घेतं. उरला एकच खरा प्रश्न: ऑर्डरला बिलिंग माहीत असायलाच हवं का? नको होतं. बिलिंगला ऑर्डर माहीत असली की पुरे. हा निर्णय कोडचा कमी आणि कामाच्या वाटणीचा जास्त होता. आधी कोण, हे कुणी ठरवलंच नव्हतं म्हणून पायथन अडत होतं.

फंक्शनच्या आतला प्रत्येक इम्पोर्ट वाईट नसतो. क्वचित लागणारी जड लायब्ररी तिथेच शोभते. म्हणून रिव्ह्यू करताना मी एवढंच विचारते, "हा वर का जात नाही?" उत्तर मिळालं, तर राहू देते. नुसतंच "एरर येते" म्हणाले, तर खुर्ची ओढून शेजारी बसते.