उगवून बघितलं का?

कासारवाडीला माझ्या चुलतभावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाने, कानशी, ड्रिल, नटबोल्ट. गिऱ्हाईक बहुतेक भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपचं. एकीकडे लोणावळा लोकल, दुसरीकडे हायवे आणि २०२२ पासून डोक्यावर मेट्रो. त्यामुळे या दुकानात हळू आवाजात कुणी बोलतच नाही.

दादाच्या स्टॉकचा आणि उधारीचा प्रोग्रॅम मी लिहून दिलाय. 'घरातला इंजिनिअर' असण्याची शिक्षा, दुसरं काय! डेटाबेस मायएसक्यूएल, मालाची आणि गिऱ्हाइकांची नावं मराठीत. रोज रात्री मायएसक्यूएलसोबत येणारा साधा डंप चालायचा आणि फाइल पेनड्राइव्हवर जायची. कंटाळवाणं, पण चालणारं.

मग एका मित्राच्या मित्राने लिहिलेलं नवं बॅकअप टूल हाती आलं. आवृत्ती ०.३. "कुणीतरी टेस्ट करून द्या," एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी ते दादाच्या दुकानात बसवलं आणि (इथे खरा मूर्खपणा) जुना डंप बंद केला. दोन-दोन कशाला?

रोज सकाळी हिरव्या अक्षरात 'यशस्वी' यायचं. फाइलही आधीपेक्षा लहान! मला वाटलं, काय झकास कॉम्प्रेशन करतंय. महिनाभर मी खुशीत.

दुकानाचा हिशेब बघणारे काका अजून लाल कापडी वहीत उधारी लिहितात. मी त्यांची पुष्कळ थट्टा केली आहे. एका शनिवारी मी त्यांना नव्या टूलचं कौतुक ऐकवत होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, "ते परत उगवून बघितलं का?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. गावी घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवतात. पण पेरणीआधी त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि काही दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरायचं. पोतं भरलेलं आहे म्हणजे बियाणं आहे असं नव्हे.

त्या रात्री घरी येऊन लॅपटॉपवर कोरा डेटाबेस केला आणि बॅकअप त्यात उतरवला. एकही एरर नाही. टेबलं सगळी, ओळी सगळ्या, उधारीची बेरीज काकांच्या वहीशी रुपयाला रुपया जुळली. फक्त उधारी कुणाची, ते मात्र कळत नव्हतं. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

झालं होतं असं, की टूल डेटाबेसशी लॅटिन अक्षरसंचात बोलत होतं. त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून सर्व्हर प्रत्येक खुणेऐवजी एक '?' देत होता. 'कानस' म्हणजे क, काना, न, स. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे बारा बाइट. बॅकअपमध्ये उरली चार प्रश्नचिन्हं, चार बाइट. हेच माझं झकास कॉम्प्रेशन! आणि प्रश्नचिन्हातून नाव परत काढता येत नाही.

मूळ डेटाबेस शाबूत होता, म्हणून निभावलं. पण त्या महिन्यात दुकानाची डिस्क गेली असती तर? दादाला लाखभराची उधारी दिसली असती आणि एकही नाव नाही. 'बॅकअप आहे रे, काळजी करू नकोस' हे मीच त्याला सांगितलं होतं.

मोठ्यांचंही असं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, पण ऐन वेळी धड एकही उपयोगी पडली नाही. डंप आवृत्तीच्या फरकामुळे बंद पडत होता आणि तसं सांगणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. सहा तासांपूर्वी कुणीतरी सहज घेतलेल्या एका प्रतीने वाचवलं.

टूलवाल्याला मी प्रश्नचिन्हांसकट सगळं कळवलं. त्याने मनापासून आभार मानले आणि दुरुस्ती केली. टूल वाईट नव्हतं, कच्चं होतं. ते तपासायचं काम माझं होतं आणि मी नुसतं वापरत बसलो.

आता जुना डंप पुन्हा सुरू आहे, नवं टूल त्याच्या शेजारी. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी बॅकअप लॅपटॉपवर उतरवतो, ओळी मोजतो, बेरीज वहीशी ताडतो. शेवटी काका चष्मा लावून दहा नावं मोठ्याने वाचतात. लोकल जात असली तर पुन्हा वाचतात.

हे सगळं दादाला आजवर सांगितलं नव्हतं. तो हे वाचेलच. दादा, रागावू नकोस. आणि काकांची नवी वही माझ्या खात्यावर लिही.